चढ आणि आंतरछेद यांवरून रेषेचा आलेख कसा काढावा?

आपला प्रश्न असा आहे: आपल्या मुलीला य = −(२/३)क्ष + ४ या समीकरणाचा आलेख काढायचा होता. तिने क्षला १, २, ४ अशा किमती देऊन कोष्टक केले, तेव्हा यच्या किमती ३.३३, २.६७, १.३३ अशा आल्या, आणि ग्राफपेपरवर ते बिंदू काही एका रेषेत बसले नाहीत. अशा वेळी कोष्टकाशिवाय आलेख काढता येतो का, आणि या समीकरणातल्या दोन संख्यांचा व्यवहारात काही अर्थ असतो का, हे आपल्याला हवे आहे.

मी बरीच वर्षे नववी ते अकरावीच्या मुलांना गणित शिकवते आहे, आणि ही अडचण मला दर वर्षी दिसते. तिचे एक कारण पुस्तकांच्या रचनेतही आहे. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकांत रेषीय समीकरणाचा आलेख बीजगणितात येतो आणि तो कोष्टकावरून काढला जातो. रेषेचा चढ मात्र भूमितीच्या पुस्तकात, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात येतो. एकाच रेषेविषयीच्या या दोन गोष्टी मुलांच्या मनात जोडल्याच जात नाहीत. त्या जोडून दिल्या की काम फार सोपे होते.

य = म क्ष + क या रूपात म हा रेषेचा चढ असतो आणि क हा य-अक्षावरचा आंतरछेद. (जुन्या मराठी पुस्तकांच्या रीतीने मी एक्सला क्ष आणि वायला य म्हणते आहे.) आलेख काढताना आधी शेवटची संख्या पाहावी. क्षच्या जागी शून्य ठेवले की पहिले पद नाहीसे होते आणि य = ४ एवढेच उरते; म्हणजे ही रेषा य-अक्षाला (०, ४) या बिंदूत छेदते. तिथे पेन्सिल ठेवावी. आता चढ −२/३ आहे, त्यातला छेद ३ हा उजवीकडे किती जायचे ते सांगतो आणि अंश −२ हा तिथून वर किंवा खाली किती जायचे ते सांगतो. तेव्हा उजवीकडे ३ एकक मोजावेत, तिथून खाली २ एकक उतरावे, आणि बिंदू मांडावा: (३, २). तसेच पुन्हा केले की (६, ०) मिळतो. उलट दिशेने, म्हणजे (०, ४) पासून डावीकडे ३ आणि वर २ असे गेले, तर (−३, ६) मिळतो. चारही बिंदू पूर्णांकांचे आहेत, त्यामुळे ते ग्राफपेपरच्या ठळक रेषांच्या छेदनबिंदूंवरच पडतात आणि पट्टी ठेवल्यावर रेषा डगमगत नाही.

हे असे का होते, हे मुलीला अवश्य समजावून सांगावे. क्ष ३ ने वाढला की यमध्ये −(२/३) × ३ म्हणजे −२ एवढा फरक पडतो; छेदातला ३ कटतो आणि अपूर्णांक उरतच नाही. तिने कोष्टकात १, २, ४ ऐवजी ०, ३, ६ घेतले असते, तरी हेच बिंदू आले असते. म्हणून तिचे कोष्टक चुकलेले नव्हते, निवडलेल्या किमती तेवढ्या गैरसोयीच्या होत्या.

सर्वांत जास्त चुका उणे चिन्हाच्या होतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने नेमका हाच आलेख काढताना (०, ४) वर बोट ठेवले, ‘उणे आहे’ असे म्हणत तीन घरे डावीकडे गेली, आणि पुन्हा ‘उणे आहे’ म्हणत दोन घरे खाली उतरली. तिला (−३, २) मिळाला आणि रेषा चढती आली. तिने एकच उणे चिन्ह दोनदा वापरले होते, आणि −२ भागिले −३ म्हणजे अधिक २/३. मी मुलांना सांगते की उणे चिन्ह अंशाला द्यावे, छेद नेहमी धनच ठेवावा आणि पहिली हालचाल नेहमी उजवीकडेच करावी. रेषा काढून झाली की डावीकडून उजवीकडे नजर फिरवावी. चढ ऋण असेल तर रेषा उतरतीच दिसली पाहिजे.

मोजताना कागदावरची घरे न मोजता एकक मोजावेत. दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक असे प्रमाण असेल तर फरक पडत नाही, पण य-अक्षावर १ सेमी = ५ एकक घेतले असेल, तर ‘खाली २’ म्हणजे दोन सेंटिमीटर नव्हे, चार मिलिमीटर.

आंतरछेदच अपूर्णांक असेल, तर मुले अडून बसतात. उदाहरणार्थ ३क्ष + २य = ७ हे समीकरण य = −(३/२)क्ष + ७/२ असे होते. (इथे उजवीकडच्या दोन्ही पदांना २ ने भागायचे असते, ७ ला भागायचे राहून जाते, तिकडे लक्ष असू द्यावे.) इथे (०, ३.५) पासूनच सुरुवात करावी अशी काही सक्ती नाही. क्ष = १ घेतल्यास य = २ येतो, म्हणून (१, २) वरून निघावे, उजवीकडे २ आणि खाली ३ जावे, की (३, −१) मिळतो. मूळ समीकरणात ठेवून पाहावे: ९ − २ = ७. हा ताळा केल्याशिवाय रेषा काढू नये. क्ष = ३ अशी उभी रेषा मात्र या रूपात मांडताच येत नाही, कारण तिला चढ नसतो.

आता व्यवहाराविषयी. मुंबईत फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये झाले. हे ऐकल्यावर पुष्कळ मुले, आणि काही शिक्षकही, लगेच य = १७.१४क्ष + २६ असे लिहून मोकळे होतात. ते चूक आहे. २६ रुपयांत दीड किलोमीटर आधीच मोजलेले आहेत, म्हणून त्यापुढचे भाडे २६ + १७.१४(क्ष − १.५), म्हणजे य = १७.१४क्ष + ०.२९ असे येते. पाच किलोमीटरला चुकीच्या समीकरणाने सुमारे ११२ रुपये होतात, बरोबर समीकरणाने सुमारे ८६. आलेखात दीड किलोमीटरपर्यंत २६ च्या उंचीवर आडवी रेषा दिसते आणि तिथून ती वर वळते; तो तिरपा भाग मागे वाढवला, तर य-अक्षाला २६ वर न छेदता शून्याच्या किंचित वर, २९ पैशांवर छेदतो. चढ हा दर किलोमीटरचा दर आहे, हे मुलांना पटकन कळते; आंतरछेद म्हणजे क्ष शून्य असतानाची किंमत, किमान भाडे नव्हे, हे मात्र हा आलेख स्वतःच्या हाताने काढल्यावरच त्यांना पटते.