स्मृतिभ्रंश झालेल्या आईची जीवनकथा लिहून खरोखर उपयोग होतो का?

तुमच्या आईला अल्झायमर असल्याचे निदान होऊन दोन वर्षे झाली आहेत आणि ती दिवसा ज्या केंद्रात असते तेथील लोकांनी तिची जीवनकथा लिहून आणण्यास सांगितले आहे. मात्र जुने फोटो दाखवले की ती गोंधळते, हयात नसलेल्या तुमच्या वडिलांची चौकशी करू लागते आणि शेवटी दोघींनाही रडू कोसळते. त्यामुळे या खटाटोपाचा काही उपयोग आहे का, त्याला शास्त्रीय पुरावा आहे का, आणि असल्यास तो कसा करावा, असे तुम्ही विचारले आहे.

उपयोग आहे, पण आईला गेलेल्या आठवणी परत मिळतील या अपेक्षेने हे काम हाती घेऊ नका. जीवनकथा मुख्यतः तिची काळजी घेणाऱ्यांनी वाचायची असते. मला हे उशिरा कळले. कसे कळले ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आधारलेले आहे.

माझे वडील एका छापखान्यात 34 वर्षे मुद्रितशोधक होते. आजार बळावल्यावर त्यांना काही महिने निवासी केंद्रात ठेवावे लागले. तेथील नोंदवहीत ‘कागद खराब करतात, अडवल्यास चिडतात’ असा शेरा वारंवार येऊ लागला. भिंतीवरच्या सूचना, औषधांचे तक्ते, शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची पत्रे, जे हाती लागेल त्यावर ते पेन्सिल चालवत आणि कुणी कागद काढून घेतला की संतापत. शांत ठेवणारी गोळी वाढवावी का, इथपर्यंत गोष्ट आली होती. तेव्हा असाच एक ‘खराब’ झालेला तक्ता मी नीट पाहिला. चुकलेल्या वेलांटीभोवती गोल काढलेला होता, सुटलेल्या अक्षराच्या जागी काकपद होते आणि बाजूच्या समासात दुरुस्ती लिहिलेली होती, तीही अचूक. केंद्रात दाखल करताना आम्हीच भरून दिलेल्या अर्जात त्यांचा रक्तगट होता, तीन फोन क्रमांक होते आणि व्यवसायापुढे ‘निवृत्त’ एवढाच शब्द होता. केंद्रातल्या माणसांनी या खुणा ओळखाव्यात अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

त्यानंतर मी एक पान लिहून दिले. रोज सकाळी मोठ्या टायपात छापलेला, मुद्दाम चुका ठेवलेला मजकूर त्यांच्यासमोर येऊ लागला आणि काम झाले की एक मदतनीस ‘छपाईला पाठवतो’ असे म्हणून तो घेऊन जाऊ लागला. (या शेवटच्या वाक्यातल्या खोटेपणाची टोचणी मला अजून आहे; पण तो कागद हातात देताना वडिलांचा चेहरा कसा होई हेही मी पाहिले आहे.) आजार होता तेथेच होता. चिडणे मात्र पुष्कळ कमी झाले आणि गोळी वाढवावी लागली नाही.

जुन्या आयुष्याचा असा आधार घेता येतो याचे कारण या आजाराच्या स्वरूपातच आहे. आजारात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या मागाहून, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी 1881 मध्येच मांडले होते. अल्झायमरमध्ये नव्या अनुभवांची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे आज सकाळची गोष्ट मुळात नोंदलीच जात नाही, तर वर्षानुवर्षे घोटलेल्या जुन्या गोष्टी तुलनेने टिकून राहतात. हातांना लागलेली सवय मेंदूच्या वेगळ्याच भागांवर अवलंबून असल्याने ती आणखी उशिरापर्यंत राहते. शिवाय साधारण 10 ते 30 या वयातले अनुभव निरोगी वृद्धांनाही इतर काळापेक्षा अधिक आठवतात, म्हणून आईच्या लग्नानंतरच्या सविस्तर इतिहासापेक्षा तिच्या शाळेच्या आणि पहिल्या नोकरीच्या दिवसांवर जास्त वेळ द्या. एक सावधगिरी मात्र हवी. स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत आणि सिमॅन्टिक डिमेन्शिया या, शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच पुसट होत जाणाऱ्या, दुर्मीळ प्रकारात नेमके उलट, म्हणजे अलीकडचे जास्त आणि जुने कमी आठवते, असे आढळले आहे. तुमच्या आईचे निदान अल्झायमरचे असल्यामुळे ही अडचण येऊ नये.

आता फोटोंविषयी. तुम्ही स्वतः लिहिले आहे की अल्बम उघडून तुम्ही आईला ‘हे कोण, ओळख पाहू’ असे विचारता. आपण सगळेच हे प्रेमाने करतो, पण समोरच्या माणसासाठी ती तोंडी परीक्षा असते, आणि अशी परीक्षा की जिच्यात आपण नापास होणार हे तिला प्रश्न ऐकतानाच कळलेले असते. ‘आठवते का’ हे दोन शब्द काही दिवस पूर्णपणे टाकून पाहा. फोटो हातात देऊन ‘ही साडी किती छान दिसते आहे’ एवढेच म्हणा आणि थांबा. आठवले तर ती बोलेल, न आठवले तरी साडीविषयी बोलता येईल. एका वेळी दोन-तीनच फोटो घ्या, मोठे करून घ्या आणि प्रत्येकाखाली ठळक अक्षरांत नाव लिहा, म्हणजे तिला ओळखण्याऐवजी वाचता येईल.

वडिलांची चौकशी ती करते तेव्हा ते गेल्याचे तुम्ही दर वेळी सांगता, कारण खोटे बोलणे तुम्हाला पटत नाही. तुमचा प्रामाणिकपणा मला कळतो. पण ती बातमी तिच्यासाठी दर वेळी पहिलीच असते, आणि बातमी विसरली तरी दुःख विसरले जाते असे नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिले हे रुग्ण लवकरच विसरले, पण त्यातून आलेली भावना त्यानंतरही त्यांच्यात टिकून होती. तेव्हा खोटेही बोलू नका आणि मृत्यूची बातमीही पुन्हा देऊ नका. ‘बाबांची आठवण येते आहे ना? ते कामावरून आले की आधी काय करायचे?’ असे विचारा. बहुतेक वेळा तिला माहितीपेक्षा त्या माणसाचा सहवास हवा असतो, आणि त्यांच्याविषयीच्या बोलण्यातून तो थोडाफार मिळतो. तिने थेट ‘ते गेले का?’ असे विचारले, तर मात्र खरे सांगावे आणि जवळ बसून राहावे, असे माझे मत आहे.

लिहायचे काय, याबाबतीत बहुतेक कुटुंबे चुकतात. आम्हीही चुकलो होतो. जन्म, शिक्षण, विवाह, अपत्ये, पुरस्कार या क्रमाने लिहिलेला मजकूर सत्कार समारंभात वाचून दाखवायला ठीक आहे, पण सकाळी सात वाजता तिला आंघोळीसाठी उठवणाऱ्या नव्या मदतनिसाला त्यातून काहीही मिळत नाही. तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? अंगावर पाणी आधी पायावर घ्यायची सवय आहे की खांद्यावर? अंधाराची, बंद दाराची, मोठ्या आवाजाची भीती आहे का, आणि असल्यास कशामुळे? रागावली की ती बोलते की गप्प होते? तिन्हीसांजेला ती अस्वस्थ होते असे तुम्ही म्हणता. पूर्वी त्या वेळी ती काय करत असे, मुलांची वाट पाहत असे की कामावरून निघत असे? ज्या भाषेत ती लहानपणी बोलली तिच्यातले काही शब्दही लिहून ठेवा, कारण नंतर शिकलेली भाषा आधी निसटते असे पुष्कळदा दिसते. हे सारे एका पानात बसवा. ब्रिटनमधील अल्झायमर्स सोसायटी ‘हा मी आहे’ अशा अर्थाच्या नावाची एक छोटी पत्रिका नेमक्या याच कामासाठी पुरवते. घरासाठी जाड वही करायची तर जरूर करा, पण कामाच्या घाईत वाचले जाते ते पानच.

आणि जमेल तितके आईलाच विचारून लिहा, तिच्याविषयी तिच्या पाठीमागे नव्हे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. तपशील चुकले तर दुरुस्त करू नका. ती थोरल्या भावाचा पराक्रम स्वतःच्या नावावर सांगत असेल तर सांगू द्या; पानावर खरी हकिकत तुम्ही लिहू शकता. भावंडांमध्ये ‘असे घडलेच नव्हते’ यावरून वाद होतील, त्यांना तूर्त बगल द्या.

कुठली गोष्ट लिहायची नाही, हेही ठरवावे लागते. प्रत्येक आयुष्यात असे काही असते जे त्या व्यक्तीने मुद्दाम कुणाला सांगितलेले नसते, आणि आजारामुळे तोंडून निसटले म्हणून ते लिहिण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. जे जाणून घेतल्याशिवाय काळजी घेता येणार नाही, उदाहरणार्थ एखादा जुना आघात ज्यामुळे परक्या पुरुषाने हात धरताच ती ओरडते, ते पानावर न लिहिता केंद्राच्या प्रमुखांना तोंडी सांगावे. मुखपृष्ठावर फोटो लावून टेबलावर ठेवलेली वही कोण कोण चाळते यावर आपले नियंत्रण राहत नाही.

शास्त्रीय पुराव्याविषयी विचारले आहे म्हणून सांगतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये, वृद्धांचे भूतकाळात रमणे ही बुद्धी ढळल्याची खूण नसून आयुष्याचा आढावा घेण्याची स्वाभाविक क्रिया आहे असे मांडले, आणि पुढे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी ब्रिटनमध्ये आजार पाहण्यापेक्षा आधी माणूस पाहण्याचा आग्रह धरला. स्मरणरंजनावर आधारित उपचारांच्या 22 अभ्यासांचा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या संस्थेचा, आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जीवनमान, संवाद आणि मनःस्थिती यांवर काही चांगले परिणाम दिसले, पण ते लहान होते आणि सर्वत्र सारखे नव्हते. ब्रिटनमध्येच 488 रुग्ण आणि त्यांच्या आप्तांच्या जोड्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत तर, एकत्र बसून आठवणी काढण्याच्या गटांनंतर आप्तांची चिंता वाढलेलीच आढळली. तुम्हाला रडू येते ते तुमचे काही चुकते म्हणून नाही. ज्या दिवशी सोसवणार नाही त्या दिवशी वही उघडू नका किंवा ते काम धाकट्या बहिणीवर सोपवा.

एकदा लिहिलेले पान कायमचे मानू नका. आवडीनिवडी बदलतात, आणि जन्मभर गाण्यांपासून लांब राहिलेली व्यक्ती या आजारात गाणी ऐकत तासभर बसल्याचे मी पाहिले आहे. तेव्हा ‘तिला गाणी आवडत नाहीत’ हे वाक्य खोडायलाच हवे. दर दोन-तीन महिन्यांनी पान पुन्हा वाचा आणि तारीख घाला. माझ्या वडिलांच्या पानावर शेवटी मजकूर तपासण्याविषयीचा सगळा परिच्छेद काट मारलेला होता आणि खाली नव्याने लिहिले होते: ‘आता कागद नको. हातात पेन्सिल द्यावी, टोक काढलेली.’