चित्रकथेच्या नोंदीत नुसतं ‘चित्रकार’ लिहू नकोस

ग्रंथालयाच्या सूचीत चित्रकथेची नोंद करताना मुखपृष्ठावर दोनच नावं दिसली म्हणून थांबू नकोस. आतलं श्रेयपान उघड. पेन्सिलीने रेखाटणारा, त्यावर शाई फिरवणारा, रंग भरणारा, फुग्यांतली अक्षरं काढणारा, हे बरेचदा वेगवेगळे असतात. सगळ्यांना सरसकट ‘चित्रकार’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मार्क नोंदीत (संगणकाला वाचता येणारी ग्रंथसूचीची ठरीव मांडणी) २४५ या शीर्षकाच्या क्षेत्रात, ‘सी’ उपक्षेत्रात श्रेय छापलंय तसंच उतरव. मग ७०० या जादा व्यक्तिनावांच्या क्षेत्रात एकेकाचं नाव आणि त्याच्याच ‘ई’ उपक्षेत्रात त्याचं काम. ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ (१९९४) मध्ये लेखन आणि चित्रं दोन्ही ओरिजित सेन यांची आहेत, तिथे एकाच नावाला दोन्ही भूमिका दे.

म्हापशाला असताना एक कॉलेजची मुलगी शाईकाम करणाऱ्याचं नाव घेऊन आली होती. नोंदीत तो सापडला नाही, ती रिकाम्या हाती गेली. पुस्तक कपाटातच होतं.