थंडीची खोली, हीटर आणि बिलाचा चटका

हीटरबद्दलचे प्रश्न या वेळी बरेच आले. एकमेकांशी जोडलेले निवडून उत्तरं देत आहोत. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे युनिटचा दर १० रुपये धरला आहे. तुमचा खरा दर बिलाच्या मागे पाहा, आणि पाहताना सरासरी काढू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. हीटरचे युनिट नेहमीच्या वापरावर चढतात, त्यामुळे त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

प्रश्न : आमची निजायची खोली १० बाय १२ फुटांची, वरच्या मजल्यावर आहे, वर थेट गच्ची. आई तिथे झोपते. २००० वॉटचा ब्लोअर रात्री साडेदहापासून पहाटे साडेचारपर्यंत लावतो. महिन्याला ११० युनिट येणारं बिल ४८० युनिटांवर गेलं. मीटर बिघडला असेल का? (निफाड)

मीटर ठीक आहे. २००० वॉट म्हणजे तासाला २ युनिट, सहा तासांचे १२, महिन्याचे ३६०. तुमचे ३७० जास्त आले, म्हणजे हिशेब जवळजवळ बरोबर जुळतो.

आता हे १२ युनिट कुठे जातात ते पाहू. खोलीची उंची १० फूट धरली तर आत सुमारे ३४ घनमीटर हवा आहे. ती ९ अंशांवरून १८ वर न्यायला जेमतेम ०.१ युनिट लागतं, म्हणजे एक रुपया. बाकी सगळी उष्णता भिंती आणि स्लॅब पितात. दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची विटेच्या आणि एक साधी खिडकी धरली, तर आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकाला स्लॅबमधून सुमारे ३७ वॉट, भिंतींतून ३६, काचेतून ११ आणि फटींतून येणाऱ्या वाऱ्यामुळे आणखी ११ वॉट जातात. एकूण ९५. फरक ९ अंशांचा असेल तर खोली १८ वर टिकवायला साडेआठशे वॉट पुरतात. तुम्ही २००० ओतताय. ब्लोअरवरचं बटण १००० वर आणा. पहिला अर्धा तास २००० वर चालवलात तरी रात्रीचे साडेसहा युनिट होतील. १२ चे साडेसहा, एका बटणात.

आकड्यांत स्लॅब सगळ्यात वर आहे, आणि युक्तीही तिथेच आहे. निफाडची रात्र कडक असते, २०१८ च्या डिसेंबरात तर पारा २ अंशांच्याही खाली गेला होता, पण दुपार २७-२८ अंशांची असते. ही दुपार फुकट मिळते. सकाळी अकराला खिडक्या सताड उघडा, पडदे बाजूला करा, ऊन गादीवर येऊ द्या, आणि साडेचार-पाचला, ऊन उतरायच्या आत, सगळं बंद करून जाड पडदा ओढा. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं: दिवसभर बंद खोली आणि संध्याकाळी 'जरा हवा येऊ दे' म्हणून उघडी खिडकी. तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत स्वतःच ऊब देतो. पहाटे मात्र तोच ती ओढून घेतो. द्राक्षबागायतदार पहाटेच शेकोट्या पेटवतात ते उगाच नाही. तेव्हा हीटरची खरी गरज झोपताना अर्धा तास आणि मग तीनच्या पुढे.

दाराखालची फट मोजा. तीन फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे शंभराहून जास्त चौरस सेंटिमीटरचं भोक. भिंतीतून विटेचं एक डोकं काढून ठेवलं तर जेवढं होईल त्याहून थोडं मोठंच. जुन्या साडीची घट्ट गुंडाळी तिथे सरकवा. खिडकीचा पडदा चौकटीच्या खाली वीतभर तरी लोंबू द्या.

आणि आईंना खोलीपेक्षा अंथरूण गरम हवं आहे. कापसाची गादी दबलेली असेल तर थंडी खालून लागते, वर कितीही पांघरूण घाला. गादीवर एक गोधडी किंवा घोंगडी अंथरा, मग चादर. एक लिटर पाणी २० वरून ८० अंशांवर न्यायला ०.०७ युनिट लागतं, म्हणजे सत्तर पैसे. गरम पाण्याची पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, झाकण लावा, कापडात गुंडाळा आणि निजायच्या वीस मिनिटं आधी पायाशी ठेवा. उकळतं पाणी नको. रबर लवकर चिरतं. विजेचं अंथरूण, म्हणजे इलेक्ट्रिक ब्लँकेट, एका माणसाचं ६० ते १०० वॉटचं असतं. ते चादरीखाली, गादीच्या वर पसरायचं, घडी न घालता, तासभर आधी लावायचं आणि झोपताना बंद करायचं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पिशवी आणि ब्लँकेट दोन्ही अंगाला लागू देऊ नका. भाजलेलं कळतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश सुचवलं आहे, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतील तर थोडं जास्त. एक साधा तापमापक उशीच्या उंचीवर लटकवा. अंदाजाने चालवलेला हीटर हमखास जास्त चालतो.

प्रश्न : दुकानदार म्हणतो तेलाचा हीटर वीज कमी खातो. खरं का? किंमत मात्र चौपट. (पुणे)

खोटं. रॉडचा असो, हॅलोजनचा, ब्लोअर किंवा तेलाचा, विजेचा हीटर एका युनिटची एका युनिटएवढीच उष्णता करतो. 'बंद केल्यावरही तेल गरम राहतं' हे खरं आहे, पण सुरुवातीला ते तापायला जी वीज गेली तीच ही उष्णता. दहा-बारा किलोच्या ११ पट्ट्यांच्या हीटरात साठलेली ऊब पाव युनिटसुद्धा भरत नाही.

तेलाच्या हीटरचा फायदा वेगळा आहे. त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे हवी तेवढी ऊब झाली की हीटर आपोआप बंद करणारा भाग, असतो, आवाज नसतो, लाल तापलेली तार उघडी नसते. रात्री झोपेत चालू ठेवायचा तर हाच. ब्लोअर दीड-दोन हजारांत येतो, तेलाचा आठ-दहा हजारांत. वरचे सात हजार म्हणजे ७०० युनिट. तेवढी वीज वाचवून पैसे वसूल करायला पुण्याच्या हिवाळ्यात काही वर्षं जातील. शांत झोप आणि सुरक्षितता यासाठी घ्या, बिलासाठी नको. एकटं माणूस टेबलाशी वाचत बसणार असेल तर ८०० वॉटचा रॉड हीटर पुरतो. तो हवेपेक्षा समोरच्या अंगाला थेट तापवतो. झोपेसाठी तो नाही.

थर्मोस्टॅटच्या चकतीवरचे १ ते ६ आकडे अंश नव्हेत. चकती पूर्ण फिरवून खोली हवी तशी गरम होऊ द्या, मग 'टक्' आवाज येईपर्यंत हळूहळू मागे आणा आणि तिथेच सोडा. पुढे तो स्वतः चालू-बंद होत राहील.

प्रश्न : भाड्याच्या घरात एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावत होतो. प्लग वितळून बोर्डातच चिकटला. एमसीबी पडली नाही. दोष हीटरचा की एमसीबीचा? (ठाणे)

दोघांचाही नाही. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. दिव्यांच्या बोर्डावरचा छोटा थ्री-पिन पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॉटचा. त्यात मोठा प्लग बसवायला मिळणारा कन्व्हर्टर हा भार कमी करत नाही, फक्त पिना बसवून देतो.

वितळण्याचं कारण बहुधा ढिला सांधा. सॉकेटमधली पितळी पाती जुनी झाली की पिनेला घट्ट धरत नाही. टेकण्याची जागा लहान होते, तिथे उष्णता होते, उष्णतेने पाती आणखी ढिली पडते. हे चक्र आठवडे चालतं. एमसीबी जास्त करंट पाहून पडते. इथे करंट पावणेनऊच आहे, फक्त एका जागी तापतंय, म्हणून ती गप्प. आधी खुणा दिसतात: पिनेच्या टोकाला तपकिरी-निळसर डाग, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळा पडलेला प्लास्टिकचा कडा, मासळीसारखा वास.

हीटर लावल्यावर वीस मिनिटांनी बटण बंद करून प्लगला हात लावा. कोमट चालेल. धरवत नसेल तर तो पॉइंट वापरू नका. हीटर फक्त १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर, थेट भिंतीत. त्यामागे अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंग हवं. दीडची वायर असेल किंवा जुन्या घरात ॲल्युमिनियमची, तर इलेक्ट्रिशियनला सॉकेट उघडून स्क्रू आवळायला आणि वायर पाहायला सांगा. 'एमसीबी सारखी पडते, मोठी टाकून देतो' म्हणणाऱ्याला परत पाठवा. मग एमसीबीच्या आधी वायर जळते. एक्स्टेंशन टाळता येत नसेल तर दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचे भाग असलेलं, आखूड, पूर्ण उलगडलेलं घ्या. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते. गालिच्याखालून तर नेऊच नका.

मच्छरदाणी, पांघरूण आणि पडदा यांपासून हीटर किमान तीन फूट लांब हवा. झोपेत पांघरूण पायाने कुठवर जातं ते धरून मोजा. हीटरवर कपडे वाळत घालू नका. विकत घेताना आयएसआय चिन्ह आणि कलंडल्यावर आपोआप बंद होणारा स्विच आहे का पाहा. दुकानातच थोडा वाकवून दाखवायला सांगा.

प्रश्न : हीटरने खोलीतला ऑक्सिजन संपतो म्हणतात. बाळ सहा महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात त्यापेक्षा कोळशाची शेगडी बरी. (गोंदिया)

विजेच्या हीटरात काही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही. पहिल्या दिवशी येणारा वास तारेवरच्या धुळीचा. एकदा खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं चालवा.

शेगडी मात्र झोपायच्या बंद खोलीत कधीही नको, विझत आलेली निखाऱ्यांची तर मुळीच नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतून उठतच नाही. सासूबाईंच्या आठवणीतल्या घरात कौलांच्या फटींतून तो निघून जात असे. स्लॅबच्या, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खोलीत जायला वाट नाही.

कोरडेपणा खरा आहे. १० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा तापवून १८ वर नेली की तीच आर्द्रता ४८ टक्के दिसते; पाणी तेवढंच, हवेची तहान वाढलेली. ४८ बाळाला चालते. त्रास होतो तो ब्लोअरचा झोत तोंडावर आल्याने. झोत भिंतीकडे वळवा, १९-२० अंशांवर थांबा आणि बाळाला ढिगाने कपडे घालू नका. मानेमागे हात लावून पाहा, घाम असेल तर एक थर काढा.

प्रश्न : दिल्लीत राहतो. दोन खोल्यांत दोन हीटर लावून जानेवारीचं बिल परवडत नाही. दुपारच्या उन्हाचा उपाय इथे धुक्यात कसा करणार? (नवी दिल्ली)

नाही चालणार. तुमच्यासाठी खरा स्वस्त उपाय म्हणजे गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. बाहेर ७-८ अंश असतानाही एका युनिटमागे साधारण तीन युनिटांएवढी ऊब मिळते. हीटरला सहा युनिट लागणारी रात्र दोनेक युनिटांत निघते. २० वर लावा आणि झडपा खाली वळवा, कारण गरम हवा वर छताशीच बसते. मधेच पाच-दहा मिनिटं थंड पडून बाहेरच्या युनिटमधून पाणी ठिबकलं तर बिघाड समजू नका, तो बाहेरचं दंव वितळवतोय. जुना एसी बदलायचाच असेल तर हा घ्या. नाशिक-पुण्याच्या दीड महिन्याच्या थंडीसाठी मुद्दाम नवा एसी घेणं मात्र आतबट्ट्याचं.

प्रश्न : थेट प्लगमध्ये बसणारा ४०० वॉटचा छोटा हीटर 'मोठी खोली मिनिटांत गरम' करतो अशी जाहिरात आहे. सोबत 'पॉवर सेव्हर' फुकट. घ्यावा का? (जळगाव)

वरच्या निफाडच्या खोलीत ४०० भागिले ९५ करा: फार तर चार अंश, तेही तासन्‌तास चालवून. टेबलाखाली पाय शेकायला ठीक. 'पॉवर सेव्हर'च्या डबीने घरगुती बिल कमी होत नाही, हीटरचं तर नाहीच. फुकट असला तरी लावू नका, एक सॉकेट अडतं.

प्रश्न : तेलाचा हीटर वर्षभर माळ्यावर आडवा पडला होता. तेल बदलावं लागेल का? (सातारा)

नाही. ते सीलबंद असतं, बदलायचं नसतं. उभा करून चार-पाच तास तसाच राहू द्या, म्हणजे तेल खाली येऊन हीटिंग एलिमेंट बुडेल. लगेच लावलात तर एलिमेंट कोरडा तापून जाऊ शकतो. पट्ट्यांमधली धूळ कोरड्या फडक्याने पुसा. खाली तेलाचा ओघळ दिसला तर दुरुस्तीच्या फंदात न पडता भंगारात द्या.