वाचकांचे प्रश्न : खगोलभौतिकीची सूत्रे लक्षात का राहत नाहीत?

प्रश्न : मी पुण्यात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आकाशदर्शनाची आवड होती म्हणून या सत्रात खगोलभौतिकीची प्राथमिक ओळख हा विषय निवडला. परंतु पाठ केलेली सूत्रे परीक्षा झाली की विसरतात. अभ्यास कसा करावा?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : तुमची स्मरणशक्ती उत्तम असेल. या विषयात अगदी नवी सूत्रे थोडीच असतात. गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाश, अणुकेंद्रक हे आधी शिकलेलेच प्रयोगशाळेत न मावणाऱ्या वस्तूंना लावायचे असते. म्हणून सूत्र पाठ करण्याआधी त्यात आकडे घालून उत्तर स्वतःच्या हाताने काढावे.

सूर्याचेच घ्या. वातावरणाबाहेर दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १,३६० वॅट ऊर्जा पडते आणि सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचे क्षेत्रफळ काढले, की सूर्य सेकंदाला ३.८ गुणिले १० चा २६ वा घात इतके ज्यूल बाहेर टाकतो हे समजते. आता त्याचे सारे वस्तुमान, २ गुणिले १० चा ३० वा घात किलो, कोळशाचे आहे असे समजा. किलोमागे ३ कोटी ज्यूल धरले, तर हा कोळसा जेमतेम ५,००० वर्षे पुरतो! एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी सूर्य आकुंचन पावत असल्यामुळे तळपतो असे मांडले. त्या हिशेबाने सुमारे ३ कोटी वर्षे मिळतात, पण पृथ्वीचेच वय ४५० कोटी वर्षांच्या आसपास आहे. हायड्रोजनचे हेलियम होताना मात्र ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते, आणि सूर्याचा केवळ दहावा भाग असा वापरला जातो असे धरले तरी उत्तर १,००० कोटी वर्षांच्या घरात जाते. विद्यार्थिदशेत हा भागाकार मी वहीच्या मागच्या पानावर केला होता, त्यानंतर ०.७ हा आकडा मला कधी पाठ करावा लागला नाही.

पुण्यात राहण्याचा लाभही घ्यावा. विद्यापीठाच्या आवारातील आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था तुम्हाला जवळच आहे, आणि नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. २१ सेंटिमीटरच्या लहरींवर अशा एका तबकडीला चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्याहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्या तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरून एकत्र जोडल्यामुळे ही मर्यादा किती खाली येते, ते लहरीची लांबी भागिले अंतर एवढ्याच सूत्राने खोडदला जाण्यापूर्वी काढून पाहा. उत्तर दोन विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आसपास यायला हवे.