घर भरलंय, पण लेकरू कुणाकडं आहे?

इंग्लंडातल्या स्लाऊहून एक लांबलचक पत्र आलंय, सही 'खानापूरची सून', म्हणजे आपल्या बेळगावकडच्या खानापूरची. त्यात चार प्रश्न आहेत. त्यातला जो तिनं अगदी शेवटी, जाता जाता विचारलाय, त्यावरच मी आज बसणार आहे. खरं तर तोच पहिला हवा होता.

ती लिहिते: "ताई, जुलैअखेर शाळेला सुट्टी लागली की आम्ही पहिल्यांदाच दोन्ही मुलांना घेऊन गावी जातोय. लेक साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. घर जांबोटीच्या पुढं, रानाला लागून. घरी टायगर आहे, दहा वर्षांचा कुत्रा. मामंजी म्हणतात, तो लेकरांना काय करत नाही, अंगावर बसली तरी गप्प राहतोय. लेक त्याला व्हिडिओवर बघून रोज नाचते. मला थोडी धाकधूक आहे, पण घरात कायम दहा-बारा माणसं असतात, म्हणून धीर आहे."

बाई गं, मला धडकी भरली ती तुझ्या या शेवटच्या वाक्यानं.

दहा-बारा माणसांच्या घरात लेकरावर लक्ष कुणाचं असतं? सासूबाईंना वाटतं सुनेचं. सुनेला वाटतं नवऱ्याचं. नवरा कैक वर्षांनी भेटलेल्या मित्राबरोबर कट्ट्यावर बसलेला. जाऊबाई चुलीपाशी. आणि आजेसासूबाईंना वाटतं, एवढी माणसं आहेत तर कुणीतरी बघतंच असणार. स्लाऊच्या घरात दिवसभर तू एकटी असतेस आणि म्हणूनच तुझं लक्ष असतं. गावी गेल्यावर तू खूप दिवसांनी सैल होशील. व्हावंसही, तुझा हक्क आहे. पण ज्या क्षणी तू सैल झालीस त्या क्षणी तुझी जागा दुसऱ्या कुणी घेतली आहे का, एवढं मात्र तुला माहीत पाहिजे.

आमच्या कडोलीच्या घरी परड्यात उघडा आड होता, दावणीला बैल होते आणि दारात कुत्री होती. आज्जीचा नियम एकच होता. ज्याच्याकडं लेकरू आहे, त्यानं तोंडानं म्हणायचं, "पोर माझ्याकडं हाय." कामाला उठायचं झालं तर दुसऱ्याला हाक मारून सोपवायचं, आणि त्यानं "घेतलं" म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आजोबांनाही यातून सूट नव्हती. मी हा नियम परदेशातल्या माझ्या घरात आणला, माझी मुलं त्याच्यावर वाढली, आणि माहेरी गेले की भावजया अजून तसंच बोलतात. तुझ्या सासरी पहिल्याच दिवशी हे सुरू कर. टायगर आणि मुलं एका जागी असतील तेव्हा मुलांपाशी एक मोठं माणूस हवं. ते हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर हवं, आणि ते कोण, हे सगळ्यांना माहीत हवं. त्याच्या हातात मोबाइल नको. दहा वर्षांचा चुलतभाऊ म्हणजे मोठं माणूस नव्हे, तो कितीही शहाणा असला तरी.

निपाणीला माझ्या मावशीच्या घरी गौरी-गणपतीत घडलेलं सांगते. घर पाहुण्यांनी भरलेलं, माजघरात पंगत बसलेली. सकाळपासून गल्लीत फटाके वाजत होते, आणि घरचा कुत्रा या खोलीतून त्या खोलीत जागा शोधत फिरत होता. जाईल तिथून त्याला हाकललं गेलं. शेवटी तो कॉटखाली जाऊन पडला. मावसबहिणीची मुलगी रांगत त्याच्या मागं आत शिरली. किंचाळी आली तेव्हा पंगतीतली सगळी माणसं एकदम उठली. त्या सगळ्यांना वाटत होतं की पोर दुसऱ्या कुणाकडं तरी आहे. गालावर, डोळ्याच्या जरा खाली दात लागले होते. डोळा वाचला, व्रण आजही आहे. तो कुत्रा सात वर्षं त्या घरात होता आणि तोवर त्यानं कुणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता.

म्हणून मामंजींचं "काय करत नाही" हे खरं आहे, पण ते आजवरचं आहे. लहान मुलांना चावणारे कुत्रे नेहमीच रस्त्यावरचे अनोळखी नसतात, पुष्कळदा घरचे नाहीतर शेजारचे असतात. साडेतीन वर्षांच्या मुलीचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर येतं, त्यामुळं चावा पायाला न बसता चेहऱ्याला, मानेला बसतो.

आणि "अंगावर बसली तरी गप्प राहतोय" याचा अर्थ त्याला आवडतं असा नाही. दहा वर्षांचा कुत्रा म्हातारा असतो. पाठ, कंबर दुखत असते, कान कमी झालेले असतात, डोळ्यांवर सारा आलेला असतो. झोपेत कुणी गळ्यात पडलं तर तो दचकतो. दचकण्याआधी मात्र तो पुष्कळ सांगून बघतो. तोंड फिरवतो. खायला काही नसताना ओठ चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतो. मग तोंड मिटून एकदम ताठ होतो. या ताठ होण्याला लोक "बघा कसा शांत बसलाय" म्हणतात! ते दिसलं की लेकराला उचलायचं. कुत्र्याला रागवायचं नाही, लेकराला उचलायचं. मुलांना हे कळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. दात विचकलेला कुत्रा हसतोय असं चार वर्षांच्या मुलांना वाटतं, हे संशोधकांनी तपासून पाहिलेलं आहे.

गुरगुरण्याबद्दल तर मी जिथं जाईन तिथं भांडते. कुत्रा गुरगुरला की आपल्याकडं चप्पल फेकून मारतात. तो गुरगुरून सांगत होता, "पुरे झालं." ते सांगणंच मार देऊन बंद केलं, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. गुरगुरला तर मुलांना तिथून हलवा आणि तो कशानं वैतागला ते शोधा.

तू लिहितेस, "मामंजींना सांगून त्याला महिनाभर बाहेर बांधायला लावू का?" नको. एक तर तुझं गाव भीमगड अभयारण्याच्या बाजूचं. रात्री बाहेर बांधलेला कुत्रा बिबट्या उचलतो, म्हणूनच तो सोप्यात झोपतो. दुसरं म्हणजे साखळीला बांधलेल्या कुत्र्याला निघून जाता येत नाही. पोर जवळ आलं की त्याच्यापुढं एकच मार्ग उरतो. त्याला बांधण्यापेक्षा त्याची जागा ठरव. सोप्याच्या एका कोपऱ्याला नाहीतर परड्याकडच्या खोलीला बांबूचं किंवा जाळीचं, कडी लागणारं फाटक लावून घ्या. गावातला सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. तिथं त्याचं पोतं, पाण्याचं भांडं आणि जेवण. त्या फाटकाच्या आत मुलांनी पाय ठेवायचा नाही, आणि तो आत गेला की त्याला कुणी हाक मारायची नाही. पडदा म्हणजे दार नव्हे. बाळ झोळीत झोपलं असेल तर त्या खोलीचं दार लोटून कडी लावायची, दुपारी उकडत असलं तरी.

हे मी इतक्या बारकाईनं सांगते कारण तू ऐन पावसात जाते आहेस. कणकुंबी-जांबोटीकडचा जुलै-ऑगस्टचा पाऊस तुला मी सांगायला नको. दिवसचे दिवस कुणी अंगणात पाय टाकत नाही. मुलं घरात, माणसं घरात, ओला झालेला टायगरही घरात, सगळे त्याच एका सोप्यात. मुलांच्या हातात सतत बिस्किट, भाकरीचा तुकडा. टायगरला आधी त्याच्या जागेवर घालायचं, मग मुलांना खाऊ द्यायचा. दहा महिन्यांच्या बाळाला तो मोकळा असताना जमिनीवर रांगायला सोडूच नकोस.

आणखी एक. गेल्या गेल्या कुणीतरी म्हणेल, "टायगरच्या गळ्यात हात घाल बघू, फोटो काढूया." या एका फोटोसाठी किती मुलांचे गाल फाटलेत. मिठी मारणं माणसाला प्रेमाचं वाटतं, कुत्र्याला ते धरून ठेवल्यासारखं वाटतं. लेकीला आत्तापासून शिकव की टायगर आपणहून आला तरच हात लावायचा. तोही पाठीवर, तुझ्या हाताबरोबर, जरा वेळ. मग हात काढायचा. तो निघून गेला तर जाऊ द्यायचं. मुलीचा जीव त्याच्यावर आहेच. तिला लांबून बिस्किट टाकू दे, त्याचं पाणी तुझ्याबरोबर भरू दे.

भाऊजींनी मुधोळचं पिल्लू आणायचं ठरवलंय असंही तू लिहितेस. मुधोळ म्हणजे आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्याचं वैभव. घोरपडे संस्थानिकांनी जपलेली ही जात २००५ साली टपाल तिकिटावरही आली. मला तिचा फार अभिमान आहे. पण तो शिकारी कुत्रा, पळणाऱ्या वस्तूमागं धावणं त्याच्या रक्तात आहे आणि परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. भाऊजींना म्हणावं, आम्ही परत गेल्यावर आणा.

आता लसीचं, आणि इथं मला तुझ्यावर जरा चिडायचंय. पत्रात तू विमानतळावरून गाडी कुठली ठरवावी हे विचारलंस, पण रेबीजचा शब्दही नाही. ब्रिटनमधल्या कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, म्हणून तिथं राहून आपण विसरतो. भारतात तो आहे, आणि लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. संशयित जनावरानं चावलेल्यांमध्ये दर दहातली चार पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाण्याआधी घ्यायची लस असते. ब्रिटनमध्ये तिचा नेहमीचा कोर्स तीन डोसांचा, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. म्हणजे महिनाभर आधी ट्रॅव्हल क्लिनिक गाठायला हवं. दोन्ही मुलांबद्दल विचार. ही लस घेतलेली असली तरी चावल्यावर डोस घ्यावेच लागतात. पण ते दोनच, आणि सीरम, म्हणजे जखमेत टोचायचं रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. खेड्यात रात्री-बेरात्री सीरम शोधत फिरायचं नसेल तर हा फार मोठा दिलासा आहे.

टायगरला लस आहे का? "घरच्या कुत्र्याला कशाला" असं उत्तर आलं तर नवऱ्याला सांग, गुरांच्या दवाखान्यात नेऊन या आठवड्यातच टोचून घ्यायला लावा. पहिलीच लस असेल तर अंगात मुरायला तीन-चार आठवडे लागतात. पुढं दर वर्षी. जंताचं औषधही त्याच फेरीत द्यावं.

एवढं करूनही दात लागला, किंवा नुसता ओरखडा निघाला, तर आधी नळाखाली साबणानं धुवायचं. पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, लेकरू कितीही रडलं तरी. मिरचीपूड, चुना, हळद, तेल काही भरायचं नाही. घट्ट बांधायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. लसीचे दिवस ठरलेले असतात. स्नायूत घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८. मधला एकही चुकवायचा नाही. आधी लस झालेली नसेल आणि रक्त आलं असेल तर जखमेभोवती सीरम लागतं, ते प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. खानापूरला मिळतं की पंचवीसेक किलोमीटर पुढं बेळगावला जावं लागतं, हे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करून विचारून ठेव. गाडी नसेल तर १०८. घरची म्हातारी माणसं पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरून थांबवतील. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. "दहा दिवस कुत्र्याकडं बघू, मग ठरवू" असं म्हणतील. कुत्र्याकडं दहा दिवस जरूर बघायचं, पण पहिला डोस घेऊन. आणि लेकीला सांगून ठेव की टायगरनं काही केलं तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही, त्यालाही कुणी मारणार नाही. मुलं लाडक्या कुत्र्याला वाचवायला जखम लपवतात.

हे सगळं मामंजींना तू सांगू नकोस. सून परदेशातून येते आणि कुत्र्यावरून घर शिकवते, असं व्हायला नको. ज्या नवऱ्याचं ते घर आहे त्यानं, निघायच्या महिनाभर आधी, बापाला फोन करून सांगावं. सुरुवात टायगरपासून करावी. तो म्हातारा झालाय, पोरं त्याला छळतील, त्याला त्याची जागा करून द्या. मामंजींचा जीव त्याच्यावर आहे, हे त्यांना पटेल.

बाकीचं थोडक्यात. लेक इंग्रजीतच उत्तर देते म्हणून सासूबाई रुसतील, याची काळजी सोड. तू मध्ये दुभाषी होऊन बसू नकोस, दोघी एकमेकींचं बघून घेतील. सासर किती दिवस आणि माहेर किती दिवस, हे तिकीट काढतानाच नवऱ्याबरोबर ठरवून दोन्ही घरी एकाच दिवशी कळवा. विमानतळावरून गाडी गावातल्याच ओळखीच्या माणसाची घ्या, त्याला पावसातला घाटरस्ता माहीत असतो. जावळ अकराव्या महिन्यात कणकुंबीला माउलीच्या देवळात करायचं सासूबाईंच्या मनात असेल तर करा. मुलांना रेनकोट इथूनच घेऊन जा, तिथल्या वाऱ्यात छत्री टिकत नाही.