पॅनचं पेंडंट करताना
ग्रीक देव पॅन करायचाय ना, मग शिंगं शेवटी लाव. आधी मेणाच्या नमुन्यात (ज्यावरून मग चांदीत ओततात) कपाळ, चपटं नाक, गालाची हाडं नीट बसव. नाहीतर नुसता शिंगंवाला कुणीतरी होतो. हा ग्रीसमधल्या अर्केडियाच्या डोंगरातला मेंढपाळांचा देव, अर्धा बोकड. गोंडस करू नकोस बाबा.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं अकेलूस या शिंगं-दाढीवाल्या नदीदेवाचं एट्रुस्कन (प्राचीन इटलीतलं) सोन्याचं पेंडंट फोटोत मोठं करून बघ. इ.स.पू. 5 व्या शतकातलं, पण रव्याचं (सोन्याच्या बारीक दाण्यांचं) आणि तारेचं काम काय सुरेख! दाढीच्या खाचा मेणात जरा जास्तच खोल काढ, पॉलिशमध्ये कडा झिजून त्या उथळ होतात. शिंगांची टोकं डोक्याला टेकव, कपड्यात अडकणार नाहीत. मागून पोकळ ठेव, चांदी वाचते. पॅनचा बऱ्याच नळ्यांचा पावा? पहिल्याच तुकड्यात नको. एवढ्याशा आकारात त्या नळ्या फणीसारख्या दिसतात.