52 चा नाद सोड

ए पोरी,

रात्री साडेअकराला तुझा मेसेज, "ताई, ज्यूदोच्या 52 किलो गटासाठी दहा दिवसांत पाच किलो कमी होईल का". तेव्हाच फोन लावणार होते, पण फोनवर मी नुसतीच ओरडले असते म्हणून लिहितेय. होईल की. पाणी बंद केलं की काटा खाली येतोच, त्यात कसली कमाल. पण तू 57 ची, त्यातले पाच म्हणजे जवळपास 9 टक्के तू स्वतःच, आणि ते चरबीतून जाणार नाहीयेत कारण तुझ्या अंगावर चरबी आहेच कुठे, ते जाणार रक्तातल्या पाण्यातून आणि स्नायूंतून, ज्यांच्या जोरावर तुला मॅटवर उभं राहायचंय.

मला माहितीये तुला 52 का हवंय. 57 ला ती सीनियर बसलीये, युनिव्हर्सिटीकडून एका वजनात एकच जाणार, आणि 52 रिकामं दिसतंय. हिशोब बरोबरे तुझा. पण रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसायची नसते, आधी पाय बघायचे तिचे.

मी केलंय हे. सेकंड इयरला, 63 वरून 57. तेव्हाचे आमचे एक सर म्हणाले, खाली ये, मेडल पक्कं. मग काय, दोन रेनकोट घालून गच्चीवर धावायचं, बाथरूममध्ये कढत पाण्याच्या बादल्या ठेवून दार लावून बसायचं, आणि ट्रेनमध्ये रात्रभर हातात रिकामी बाटली धरून तिच्यात थुंकायचं, समोरच्या बर्थवरच्या गुजराती बा बिचाऱ्या दर तासाला विचारायच्या, "बेटा, तबियत ठीक नथी?" काट्यावर 56.9 आलं आणि मी नाचले. मग सहा केळी, ग्लुकोजचं पाणी, सगळं एकदम, पोट डब्ब. पहिल्या मॅचचा पहिला मिनिट झकास गेला आणि त्यानंतर उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आपोआप उघडायला लागली. बाही धरायची ती याच दोन बोटांनी गं, अंगठा नि तर्जनी नुसती सोबतीला. मी बघतेय की बाही सुटतेय, बोटांना सांगतेय मिटा, आणि ती मिटत नाहीयेत. समोरच्या मुलीनं आत वळून सरळ धोबीपछाड घातला, म्हणजे सेओइ-नागे, पडताना मी वळले म्हणून युकोवर, म्हणजे सगळ्यात छोट्या गुणावर, भागलं, पण खाली लगेच केसा-गातामे, मानेभोवती हात टाकून पाठीवर दाबणं. तेव्हा इप्पॉनला, म्हणजे पूर्ण गुण मिळून मॅच संपायला, 25 सेकंद दाबून धरावं लागायचं, 2013 पासून ते 20 झालं. मी 25 सेकंद छतावरच्या ट्यूबलाइट बघत होते, त्यातली एक फडफडत होती. कमरेचा पूल करायचा, वळायचं, पाय अडकवायचा, सगळं पाठ होतं, पण अंगात कोणी नव्हतंच.

आणि पुन्हा 57 ला चढायला रात्र मिळेल असं वाटत असेल तर तेही ऐक. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वजन आदल्या दिवशी होतं आणि मॅचच्या सकाळी काही जणांना निवडून परत काट्यावर उभं करतात, गटाच्या 5 टक्क्यांपेक्षा वर गेलीस की बाहेर. 52 ला ती मर्यादा 54.6. तुमच्याकडे वजन आदल्या संध्याकाळी आहे का त्याच सकाळी, ते सर्क्युलर उघडून बघ, सकाळी असेल तर तू काट्यावरून उतरून तशीच सुकलेली मॅटवर जाणार. पॅरिसचं विनेशचं 100 ग्रॅम बघून रडलीस ना 2024 ला? ते निदान करिअर होतं. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पहिलवान वजन उतरवता उतरवता गेले. तुझ्याच वयाचे. घाबरवत नाहीये, हो, घाबरवतेच आहे.

आता माझं म्हणणं ऐक, मग हवं तर हस. 57 ची ट्रायल दे, आणि त्यात ती सीनियर भारी पडली तर 63 ला उतर. वर. पोटभर जेवून, झोप काढून. मुली जड असतील, मान्य. आपल्या बडोद्यात जन्मलं की ताकद म्हणजे वजन असं डोक्यात बसतंच, माझे आजोबा जुम्मादादाच्या आखाड्यात जाणारे, दर रविवारी कमाटीबागेत नेऊन म्युझियममधला तो गामा पहिलवानाचा दगड दाखवायचे, 1902 मध्ये त्यानं उचलला म्हणतात, 1200 किलोचा (माझा आजही विश्वास नाही, आजोबांसमोर बोलायची टाप नव्हती). पण दगड कॉलर धरत नाही. जड मुलगी धरते, आणि तिथंच तुझी मॅच आहे.

तिचा हात तुझ्या मानेमागे पडूच द्यायचा नाही. आधी तिची उजवी बाही, कोपराखाली, बाहेरच्या बाजूनं, करंगळी पहिली मिटायची. कफाच्या आत बोटं नाही घालायची, शिदो, म्हणजे दंड, बसतो. सरळ मागे तर अजिबात जायचं नाही, मागे गेलीस की ती ओसोतो-गारी मारून तुला आडवी करणार, तू बाजूबाजूनं चाल, तिला फिरायला लाव, को-उचीनं, आतून पाय घालून, तिचा पाय हलव आणि तो पाय जागेवर यायच्या आत सेओइला आत शिर. तुझी सेओइ तशीही बुटकी आहे, उंच मुलींना ती जास्त लागते. आणि या गटात कुस्तीतून आलेल्या दोन-तीन तरी भेटतील, त्यांचा हात सवयीनं पट काढायला जातो. जाऊ दे. पायाला हात लागला की शिदो, तीन शिदो झाले की मॅच तुझी. वर 2025 पासून युको परत आलाय, 5 सेकंद दाबलंस तरी काहीतरी पदरात पडतं, तेव्हा पाडल्यावर उभी राहून रेफरीचं तोंड बघत बसू नकोस, जी तुझी खोड आहे. पुढे असलीस तर जास्तच सांभाळ. बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला 2022 मध्ये आपली तुलिका मान फायनलला वाझा-आरीनं, म्हणजे अर्ध्या गुणानं, पुढे होती आणि इप्पॉननं गेली, चार मिनिटांची मॅच चार मिनिटं खेळावी लागते.

बाकी सामानाचं म्हणजे गीच्या, ज्यूदोच्या पोशाखाच्या, आतला पांढरा टी-शर्ट गोल गळ्याचा घे, केसांना धातूची क्लिप नको, नुसतं रबर. नखं आदल्या रात्री काप, सकाळी विसरतेस.

ट्रायल उत्तरायणानंतर आहे, तोवर उंधियु, जलेबी, तिळाची चिक्की सगळं खा, आईला सांग ताईनं सांगितलंय. गच्चीवर जा, पतंग उडव. फक्त दोरीला हात लावायच्या आधी बोटांना पट्टी लाव, करंगळीला पण, मांजानं कापलेल्या बोटानं महिनाभर बाही धरवत नाही.

तुझी ताई